स्टार वॉर्स : आवडता चित्रपट कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूचना : खाली सगळ्या चित्रपटांची रहस्यं फोडलेली आहेत. ज्यांनी एकही बघितलेला नाही त्यांनी १९७७ चा (‘अ न्यू होप’) आणि १९८० चा (‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’) असे दोन चित्रपट बघून मगच इथे परत यावं.

तुलनेत नेमके किती चित्रपट धरायचे?

अकरा. स्कायवॉकर घराण्याच्या मुख्य कथेचे नऊ, आणि ‘रोग वन’ (२०१६) व ‘सोलो’ (२०१८) हे दोन स्वतंत्र. २००८ चा ‘द क्लोन वॉर्स’ हा ॲनिमेशनपट थिएटरात आला होता, पण तो पुढे येणाऱ्या टीव्ही मालिकेची प्रस्तावना होता. गटातल्या सगळ्यांनी तो बघितलेला असेल तरच घ्या. १९७८ चा टीव्हीवरचा सुट्टीचा खास कार्यक्रम आणि १९८४-८५ मधले इवॉकांचे (अस्वलासारख्या छोट्या वनवासी जिवांचे) दोन टीव्हीपट बाहेरच ठेवावेत, नाहीतर शेवटच्या जागेसाठीची चुरसच संपते.

नवा चित्रपट आला की तो लगेच यादीत घुसवण्याची घाई होते. दुसऱ्यांदा बघेपर्यंत थांबा. पहिल्या बघण्यातला निम्मा उत्साह थिएटरातल्या टाळ्यांचा असतो.

भागांचे क्रमांक आणि प्रदर्शनाची वर्षं जुळत का नाहीत?

कारण चौथा, पाचवा, सहावा भाग आधी आले (मूळ त्रयी : १९७७, १९८० आणि १९८३ चा ‘रिटर्न ऑफ द जेडाय’), मग पहिला, दुसरा, तिसरा (पूर्वकथा : ‘द फँटम मेनस’ १९९९, ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ २००२, ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ २००५) आणि शेवटी सातवा, आठवा, नववा (सिक्वेल : ‘द फोर्स अवेकन्स’ २०१५, ‘द लास्ट जेडाय’ २०१७, ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ २०१९). मे १९७७ मध्ये पडद्यावर ‘भाग चौथा’ असं काहीच नव्हतं. ते शब्द आणि ‘अ न्यू होप’ हे उपशीर्षक १९८१ च्या पुनःप्रदर्शनात जोडले गेले. म्हणून बोलताना ‘पहिला’ हा शब्द वापरूच नका. एकाच्या डोक्यात १९७७ असतं, दुसऱ्याच्या १९९९, आणि दहा मिनिटांनी लक्षात येतं की दोघं वेगवेगळ्या चित्रपटांवर भांडत होते. वर्ष सांगा किंवा नाव सांगा.

पहिल्यांदा बघणाऱ्याने कोणत्या क्रमाने बघावं?

प्रदर्शनाच्या क्रमाने. यात फारसा वाद नाही, आणि कारण एकच आहे : ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये डार्थ व्हेडर आपण लूकचे वडील असल्याचं सांगतो. भाग एकपासून सुरुवात केली तर हा धक्का उरतच नाही. तिसऱ्या भागाच्या शेवटीच सगळं कळलेलं असतं. शिवाय भाग एकमध्ये योडा दिसताक्षणी मोठा गुरू म्हणून कळतो, तर १९८० मध्ये तो आधी चिखलातलं एक खोडकर म्हातारं म्हणून भेटतो आणि ती गंमत काही मिनिटं टिकते. तीही जाते.

दुसऱ्यांदा बघताना मात्र ४, ५, २, ३, ६ हा क्रम करून बघण्यासारखा आहे. चाहत्यांमध्ये तो ‘मचेटी क्रम’ म्हणून ओळखला जातो. धक्का बसल्यावर लगेच दोन चित्रपट मागे जायचं, व्हेडर असा का झाला ते बघायचं आणि मग सहाव्यात त्याचा शेवट. भाग एक यात गाळला जातो. कथेचं त्यामुळे फार बिघडत नाही, पण खलनायक डार्थ मॉलचं शेवटचं द्वंद्व हुकतं. ते हुकू द्यायचं नसेल तर ४, ५, १, २, ३, ६ करा.

‘रोग वन’मधल्या कॅसियन अँडॉरची आधीची गोष्ट सांगणारी ‘अँडॉर’ मालिका (दोन सीझन, प्रत्येकी १२ भाग) बघायची असेल तर ती ‘रोग वन’च्या आधी. उलट केलं तर मालिकेतल्या कॅसियनचा शेवट माहीत असतो. ते चालतं, पण ‘रोग वन’मध्ये त्याच्या वागण्याला जे वजन येतं ते येत नाही.

आपण सगळे एकच चित्रपट बघतोय हे कसं ओळखायचं?

निम्म्या वादांचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. मूळ त्रयीच्या ढोबळमानाने पाच अवस्था आहेत : थिएटरातली मूळ (१९७७-८३), १९९७ ची ‘स्पेशल एडिशन’, २००४ ची डीव्हीडी, २०११ ची ब्लू-रे आणि २०१९ पासून स्ट्रीमिंगवर असलेली. मूळ आवृत्त्या २००६ मध्ये डीव्हीडीवर जोड म्हणून दिल्या होत्या, पण त्या १९९३ च्या लेसरडिस्कच्या प्रतीवरून घेतल्यामुळे आजच्या टीव्हीवर चित्र मऊ आणि छोटं दिसतं. ते बघून ‘जुना चित्रपट कळकट आहे’ असा निष्कर्ष काढणं चूक आहे. दोष त्या प्रतीचा.

समोर कोणती आवृत्ती आहे हे पाच खुणांवरून कळतं :

१. १९७७ च्या चित्रपटात हान सोलो आणि गुंडांचा म्होरक्या जब्बा जहाजाजवळ बोलतात का? असेल तर आवृत्ती १९९७ किंवा नंतरची.

२. ‘एम्पायर’मध्ये सम्राटाचा होलोग्राम इयान मॅकडायर्मिडच्या चेहऱ्याचा आहे का? असेल तर २००४ किंवा नंतरची.

३. ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या शेवटी आत्म्यांच्या रांगेत तरुण हेडन क्रिस्टेनसन दिसतो का? तोही २००४ पासून. त्याआधी तिथे सेबॅस्टियन शॉ होता.

४. त्याच चित्रपटात सम्राटाला उचलताना व्हेडर ‘नाही!’ म्हणून ओरडतो का? २०११ पासून.

५. १९७७ च्या चित्रपटातल्या कँटिनामध्ये (दारूच्या गुत्त्यात) गोळी सुटण्याआधी हानला पकडायला आलेला ग्रीडो ‘मॅकलंकी’ असं काहीतरी पुटपुटतो का? २०१९.

यातल्या चौथ्या बदलाने सर्वात जास्त नुकसान केलं आहे. मूळ दृश्यात व्हेडर गप्प असतो. मुखवट्याला भाव नसतात, तो एकदा मुलाकडे बघतो, एकदा सम्राटाकडे, आणि निर्णय बघणाऱ्याच्या मनात होतो. ओरडण्यामुळे तो निर्णय आयता हातात मिळतो. ‘जेडाय’ला कमी गुण देणाऱ्याला आधी विचारा : कोणता ‘जेडाय’?

पूर्वकथेच्या चित्रपटांतही बदल आहेत. ‘द फँटम मेनस’मध्ये १९९९ ला योडा बाहुली होता, २०११ च्या ब्लू-रेवर तो संगणकावर बनवलेला आहे.

हान आधी गोळी झाडतो की ग्रीडो?

१९७७ : फक्त हान. १९९७ : आधी ग्रीडो, तोही समोरासमोर बसून नेम चुकतो. २००४ पासून : जवळजवळ एकाच वेळी. एका सेकंदाचा फरक वाटतो, पण स्वार्थी माणूस शेवटच्या लढाईत मित्रासाठी परत येतो ही हानची पूरी वाटचाल त्या सेकंदावर उभी आहे. सुरुवातीलाच तो सभ्य निघाला तर परत येण्यात काय विशेष?

‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ जवळपास प्रत्येक यादीत वर का असतो?

पहिलं कारण रचनेचं. त्याला कथा सुरू करायची नाही आणि संपवायचीही नाही. जग, माणसं, शत्रू यांची ओळख १९७७ मध्ये झालेली, गाठी सोडवण्याचं काम १९८३ वर ढकललेलं. मधल्या भागाला मिळणारी ही सवलत त्याने पुरेपूर वापरली. सर्वात मोठी लढाई, होथच्या बर्फातली, सुरुवातीलाच उरकली. त्यानंतर चित्रपट मोठा होत जाण्याऐवजी लहान होत जातो : सैन्यांवरून चार-पाच माणसांवर, आणि शेवटी एका अरुंद पट्टीवर उभ्या बाप-लेकावर. मालिकेतल्या बाकी बहुतेक चित्रपटांचा प्रवास उलटा आहे, शेवटी स्फोट मोठा.

दुसरं कारण एक बिघडलेलं यंत्र. हानच्या जहाजाचा, फाल्कनचा, हायपरड्राइव्ह (प्रकाशाहून वेगाने नेणारं यंत्र) चालत नाही. एवढ्या एका बिघाडावर हान-लेयाचा अख्खा कथाभाग चालतो : पळता येत नाही म्हणून लघुग्रहांत लपायचं, लपायला जागा नाही म्हणून लँडोकडे जायचं, लँडोकडे सापळा. दरवेळी खटका ओढला की फुस्स. विनोद म्हणून सुरू झालेली गोष्ट शेवटी गळ्याशी येते, आणि ती दुरुस्त करतो तो आर-टू. योगायोग इथे फार कमी आहेत.

तिसरं, माणसं. दिग्दर्शन जॉर्ज लुकसचं नव्हे, अर्विन कर्शनरचं. पटकथेवर ली ब्रॅकेट आणि लॉरेन्स कॅसडन यांची नावं. ब्रॅकेट पहिला मसुदा देऊन मार्च १९७८ मध्ये वारल्या. संवाद तोकडे आणि टोकदार आहेत.

उणीव नाहीच असं नाही. डॅगोबावर लूक शिकतो ते आठवडे की दोन दिवस? फाल्कनचा पळ आणि लूकचं प्रशिक्षण एकमेकांत कापून दाखवलंय, पण दोन्हींचं घड्याळ जुळत नाही. एकदा लक्षात आलं की खटकतंच.

मग १९७७ चा मूळ चित्रपट दुसऱ्या जागेवर का जातो?

कारण त्याने केलेली कामं आता दिसत नाहीत. ती सगळ्यांनी उचलली. पहिला सुमारे पाव तास नायकच नाही, दोन यंत्रमानव वाळवंटातून भांडत चालले आहेत. ही कल्पना अकिरा कुरोसावाच्या ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) मधल्या दोन शेतकऱ्यांवरून आली. लूकची आणि त्याचा मित्र बिग्जची सुरुवातीची दृश्यं चित्रित झाली होती, संकलनात काढली. ती असती तर चित्रपट सुरुवातीलाच रेंगाळला असता. पॉल हर्श, मार्शिया लुकस आणि रिचर्ड च्यू यांना संकलनाचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही. शेवटची खंदकातली लढाई आवाज बंद करून बघा : कोण कुठे आहे, किती अंतर उरलं, मागून कोण येतंय, सगळं कळतं. मालिकेतल्या नंतरच्या किती आकाशयुद्धांबद्दल असं म्हणता येईल?

एकट्याने उभा राहू शकणारा चित्रपट ही कसोटी लावली तर क्रमांक एक हाच. सुरुवात, मध्य, शेवट त्यातच. ‘एम्पायर’ला ते जमत नाही.

‘रिटर्न ऑफ द जेडाय’ला इवॉकांमुळे गुण कापायचे का?

थोडे. अस्वलांनी दगड-लाकडांनी साम्राज्याचं दळण दळलं हे पचत नाही हे खरं, पण मोठा दोष दुसराच आहे : पुन्हा डेथ स्टार. आणि हान-लेयाला करायला फार काही उरत नाही. याउलट जमेची बाजू म्हणजे शेवट. जंगल, अवकाश आणि सम्राटाचं दालन अशा तीन जागा एकाच वेळी चालतात, पण भावनेने तिन्ही एकाच दिशेने खाली उतरतात. ‘फँटम मेनस’ने हेच चार जागांवर करून बघितलं. मैदानात विदूषकी जार जारची धांदल, राजवाड्यात पकडापकडी, अवकाशात चुकून जिंकणारा पोरगा आणि मध्ये ओबी-वनचा गुरू क्वाय-गॉन याचा मृत्यू. हसावं की श्वास रोखावा हे ठरेपर्यंत दृश्य बदलतं. एकाच कृतीच्या या दोन पाककृती शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.

पूर्वकथेच्या त्रयीबद्दलचं मत इतकं का बदललं?

तीन कारणं. जी मुलं १९९९-२००५ मध्ये लहान होती ती मोठी होऊन बोलू लागली. दुसरं, ‘द क्लोन वॉर्स’ ही टीव्ही मालिका (२००८-२०२०, १३३ भाग) अनाकिनला (हाच पुढे व्हेडर होतो) असा स्वभाव, मैत्री आणि विनोदबुद्धी देते जी चित्रपटांत नव्हती. ती बघितलेला प्रेक्षक ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ बघताना मालिकेतला अनाकिन मनात घेऊन बसतो. तुलना करताना हे उसनं भांडवल वेगळं काढायला हवं. तिसरं, ही एकसंध गोष्ट आहे : लोकशाही स्वतःच्या टाळ्यांच्या गजरात हुकूमशाहीला सत्ता देते.

चित्रपटनिहाय बोलायचं तर ‘फँटम मेनस’मध्ये पॉडरेस (उडत्या रथांची शर्यत) आणि शेवटचं द्वंद्व उत्तम, मधला राजकीय भाग सुस्त. ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ तिन्हींत कच्चा : ओबी-वनचा शोध रंजक आहे, पण दर दहा मिनिटांनी चित्रपट त्याला सोडून प्रेमकथेकडे जातो आणि तिथले संवाद कानाला टोचतात. ‘सिथ’मध्ये नाट्यगृहातलं पॅल्पटीनचं (हाच पुढचा सम्राट) अनाकिनशी संभाषण हा सबंध त्रयीचा कळस आहे. तलवार नाही, धावपळ नाही, दोन माणसं खुर्च्यांवर बसली आहेत आणि एक जण दुसऱ्याला हळूहळू बुडवतोय. पण त्यानंतर अनाकिनचं वळणं फार झटपट होतं. जेडाय गुरू विंडू पडतो आणि काही क्षणांत हा सम्राटासमोर गुडघ्यावर.

‘द लास्ट जेडाय’वरून एवढी डोकेफोड कशासाठी?

कारण लोक दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. ‘हा चित्रपट म्हणून कसा आहे?’ आणि ‘माझ्या मनातला लूक असा वागेल का?’ पहिल्या प्रश्नाला दिग्दर्शन, रंग, क्रेट ग्रहावरच्या मिठाच्या मैदानातली लढाई, प्रकाशाच्या वेगाने जहाज घुसवल्यावरची ती पूर्ण शांतता अशी उत्तरं येतात. दुसऱ्याला फक्त हो किंवा नाही. वाद मिटवायचा असेल तर दोन्हींना वेगळे गुण द्या. सहसा असं दिसतं की पहिल्या प्रश्नावर भांडणारे एकमेकांच्या बरेच जवळ असतात. कँटो बाइट या जुगारनगरीचा भाग लांबला आहे, यावर तर दोन्ही पक्ष एकत्र येतात.

‘तिन्ही सिक्वेलांना आधी ठरवलेला आराखडा नव्हता’ ही तक्रार खरी आहे, पण तिला पूर्ण कारण मानू नका. मूळ त्रयीलाही नव्हता. ब्रॅकेट यांच्या मसुद्यात लूकचे वडील वेगळेच, आत्मा म्हणून भेटणारे होते. व्हेडरच बाप ही कल्पना नंतर आली. फरक असा की तिथे प्रत्येक नवा चित्रपट आधीच्यावर चढत गेला. इथे ‘द फोर्स अवेकन्स’ने १९७७ चा सांगाडा पुन्हा उभा केला, ‘लास्ट जेडाय’ने तो मोडला आणि ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ने मोडलेलं पुन्हा चिकटवलं. शेवटच्या चित्रपटाचा दिग्दर्शक २०१७ मध्ये बदलला, कॅरी फिशरचं निधन २०१६ च्या डिसेंबरात झालं होतं, आणि लेयाची दृश्यं ‘फोर्स अवेकन्स’च्या न वापरलेल्या चित्रीकरणातून बसवावी लागली. तिच्याशी बोलणाऱ्या पात्रांची वाक्यं कधीकधी विचित्र वाटतात, कारण उत्तरं आधी होती आणि प्रश्न नंतर लिहिले.

‘रोग वन’ खरंच इतका चांगला आहे का?

शेवटची चाळीस मिनिटं, हो. पहिला तास, नाही. ग्रहामागून ग्रह, नावामागून नाव. माणसांशी ओळख होईपर्यंत मध्यंतर होतं. पण स्कॅरिफची लढाई (समुद्रकिनारा मालदीवमधला) जमीन, आकाश आणि आतली इमारत यांना एका वस्तूने, आराखड्याच्या फितीने, बांधून ठेवते. ती हातोहात सरकत जाते आणि देणारा प्रत्येक जण मरतो. १९७७ मध्ये टार्किन झालेल्या आणि १९९४ मध्ये वारलेल्या पीटर कुशिंगचा संगणकावर उभा केलेला चेहरा मात्र ताटातल्या खड्यासारखा लागतो.

आणि ‘सोलो’?

मधल्या फळीतला, निरुपद्रवी. चित्रीकरण चालू असताना दिग्दर्शक बदलून रॉन हॉवर्ड आले. रेल्वेवरचा दरोडा छान. पार्सेक हे वेळेचं नव्हे तर अंतराचं माप आहे (सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं), पण हान ते वेळेसारखं वापरतो; ही १९७७ पासूनची चूक या चित्रपटाने जवळचा रस्ता काढून सावरून घेतली.

संगीतावरून तुलना केली तर?

तर चित्र बरंच बदलतं. नऊही मुख्य चित्रपटांचं संगीत जॉन विल्यम्सचं. पहिले सहा लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर. व्हेडरची ती प्रसिद्ध लष्करी धून १९७७ मध्ये नाहीच, ती १९८० ला आली. ‘आठवतंय की, पहिल्यातच वाजते’ असं शपथेवर सांगणारे हमखास भेटतात. ‘फँटम मेनस’ पटकथेत तळाला असला तरी संगीतात पहिल्या तिनात बसतो : द्वंद्वाच्या वेळचा समूहस्वर एका जुन्या वेल्श कवितेच्या संस्कृत भाषांतरातल्या शब्दांवर बेतलेला आहे. अक्षरं लयीसाठी अशी मोडली आहेत की संस्कृत येणाऱ्यालाही अर्थ लागू नये. ‘रोग वन’चं संगीत मायकल जियाकिनोने साडेचार आठवड्यांत केलं, आणि ती घाई ऐकू येते.

जुने इफेक्ट खरे आणि नंतरचे सगळे संगणकाचे, हे बरोबर का?

अर्धवट. १९७७ च्या सुरुवातीला डोक्यावरून सरकत जाणारं अजस्र जहाज जेमतेम ३ फुटांचं मॉडेल आहे. भव्यपणा येतो तो कॅमेरा त्याच्या अगदी जवळून, संगणकाने नियंत्रित मार्गाने जातो म्हणून. म्हणजे संगणक तिथेही होता, चित्र काढायला नव्हे तर कॅमेरा हलवायला. उलट ‘फँटम मेनस’मध्ये मॉडेलं भरपूर आहेत, पॉडरेसच्या प्रेक्षागारातली दूरची गर्दी म्हणजे रंगवलेल्या कान कोरायच्या कापसाच्या काड्या. खरा बदल २००२ चा : ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ पूर्णपणे डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला आणि त्यातला एकही क्लोन सैनिक खरं चिलखत घातलेला नाही. चेहरे सपाट आणि अभिनय अवघडलेला वाटतो त्याचं एक कारण हेच, नटांसमोर बघायला काही नव्हतं.

कमाई किंवा ऑस्करवरून निकाल लावता येईल?

नाही. ‘फोर्स अवेकन्स’ने जगभर २ अब्ज डॉलरहून अधिक कमावले, त्यात दहा वर्षांची वाट बघणं जमा आहे. महागाई धरली तर अमेरिकेत १९७७ चाच चित्रपट पुढे जातो. ऑस्करचं म्हणाल तर १९७७ च्या चित्रपटाला सहा आणि ध्वनीसाठी बेन बर्ट यांना एक खास, असे सात. ‘एम्पायर’ला ध्वनीचं एक आणि दृश्य परिणामांसाठी एक खास. यावरून ‘एम्पायर’ साडेतीनपट वाईट ठरतो का?

गटाने क्रमवारी कशी लावायची?

चर्चा आधी आणि मतदान नंतर केलं की मोठ्या आवाजाच्या माणसाची यादी सगळ्यांची होते. म्हणून उलटं करा.

आधी कसोटी एका वाक्यात ठरवा : ‘आज रात्री पुन्हा कोणता बघाल?’ की ‘कोणता चित्रपट उत्तम बनवलाय?’ दोन्हींची उत्तरं वेगळी येतात, एकत्र कालवू नका. आवृत्तीही ठरवा. मग प्रत्येकाने अकरा चिठ्ठ्यांवर नावं लिहून एकट्याने रचायची. अकराच्या जोड्या होतात ५५. सगळ्या विचारल्या तर तिसाव्या जोडीला माणूस कंटाळून काहीही सांगतो. त्याऐवजी एकेक चिठ्ठी रचलेल्या ओळीच्या मधोमध धरा, वर की खाली ते ठरवा, उरलेल्या अर्ध्याच्या मधोमध धरा, असं करत जागा शोधा. जास्तीत जास्त २९ प्रश्नांत यादी पुरी होते.

नंतर वरच्याला ११, खालच्याला १ असे गुण. प्रत्येकाची बेरीज ६६ यायला हवी. सहा जण असतील तर एकूण ३९६. नाही आली तर कुणीतरी चित्रपट विसरलाय, बहुधा ‘सोलो’.

न बघितलेल्या चित्रपटाला शून्य देणं ही सर्वात नेहमीची चूक. शून्याने तो विनाकारण तळाला जातो. एखादा चित्रपट कुणी बघितला नसेल तर दोन मार्ग : तो सगळ्यांच्याच यादीतून काढा, किंवा बाकीच्यांनी दिलेल्या गुणांची सरासरी त्या माणसाच्या नावावर टाका. दुसऱ्या मार्गात ६६ ची पडताळणी जुळणार नाही, हे ध्यानात ठेवा.

नुसती पहिली पसंती मोजली तर काय बिघडतं?

सात जण आणि तीन चित्रपट घ्या. तिघांची यादी : लास्ट जेडाय, रोग वन, सिथ. दोघांची : सिथ, रोग वन, लास्ट जेडाय. उरलेल्या दोघांची : रोग वन, सिथ, लास्ट जेडाय. पहिली पसंती मोजली तर ‘लास्ट जेडाय’ तीन मतांनी जिंकतो, जरी चौघांनी तो शेवटी टाकलाय. ३-२-१ गुण दिले तर ‘रोग वन’ला १६, बाकी दोघांना १३-१३. समोरासमोर लावलं तरी ‘रोग वन’ दोघांनाही हरवतो. टोकाची मतं घेणारा चित्रपट पहिल्या पद्धतीत वर येतो, कुणालाच न खटकणारा दुसऱ्या पद्धतीत. यातलं काय हवंय ते मोजण्याआधी ठरवा. निकाल बघून पद्धत बदलणारा एक जण प्रत्येक गटात असतो.

बरोबरी झाली तर त्या दोन चित्रपटांत कुणी कुणाला किती याद्यांत वर ठेवलंय ते मोजा. नावडत्याला मुद्दाम तळाला टाकल्याचा संशय असेल तर प्रत्येक चित्रपटाचा एक सर्वोच्च आणि एक नीचतम गुण काढून टाका, पण त्यासाठी निदान पाच-सहा माणसं हवीत.

चर्चेत हमखास होणाऱ्या चुका कोणत्या?

‘लूक, मी तुझा बाप आहे’ असं वाक्य चित्रपटात नाही. व्हेडर ‘नाही’ने सुरुवात करतो, कारण तो लूकचं म्हणणं खोडून काढतोय. सेटवर डेव्हिड प्राउजने वेगळंच वाक्य म्हटलं होतं, खरं वाक्य जेम्स अर्ल जोन्सच्या आवाजात नंतर भरलं. म्हणजे ‘व्हेडरचा अभिनय’ म्हणताना शरीर एकाचं, आवाज दुसऱ्याचा आणि १९८३ मधला चेहरा तिसऱ्याचा, हे लक्षात ठेवा. ‘जेडाय’चं दिग्दर्शनही लुकसचं नाही, रिचर्ड मार्क्वंडचं. आणि ‘सगळे मुलांचे चित्रपट आहेत’ म्हणणाऱ्याला सांगा की ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’पासून प्रत्येक अभिनयपटाला अमेरिकेत पीजी-१३ प्रमाणपत्र आहे (तेराखालच्या मुलांसाठी पालकांना कडक इशारा), त्याआधीचे पीजी (सौम्य इशारा) होते.

अकराही एका दमात बघून मग ठरवलं तर?

एकूण सुमारे २५ तास लागतात, मधल्या सुट्ट्या वेगळ्या. मूळ त्रयी सव्वासहा तास, पूर्वकथा सात, सिक्वेल सव्वासात, उरलेले दोन साडेचार. तीन दिवसांत विभागलं तर जमतं : दिवसाला चार, शेवटच्या दिवशी तीन, दोन चित्रपटांमध्ये निदान अर्धा तास. प्रत्येक चित्रपट संपल्यावर लगेच, पुढचा लावण्याआधी, दोन ओळी कागदावर लिहून ठेवा, नाहीतर होथ आणि क्रेटची लढाई डोक्यात एक होऊन जाते. क्रमवारी मात्र झोप झाल्यावर, दुसऱ्या दिवशी लावा. पंचविसाव्या तासाला जो पडद्यावर असेल तो सगळ्यांनाच वाईट वाटतो, आणि ‘राइज ऑफ स्कायवॉकर’ला आधीच पुरेशा अडचणी आहेत.